विशेष गरजा असलेल्या मुलांना स्वतःची दैनंदिन कामे शिकवताना : नव्या पालकांसाठी आणि शिक्षकांसाठी

बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलाच्या घरी सकाळची वेळ बहुधा घाईची असते. शाळेची गाडी यायची असते, डबा व्हायचा असतो, आणि अशा वेळी मुलाचे दात घासून देणे, त्याला अंघोळ घालणे, कपडे चढवणे आणि घास भरवणे हे सारे आईच्या किंवा आजीच्या हातून भराभर उरकले जाते. हे मायेपोटीच होते. परंतु वर्षे सरत जातात, मूल चौदा-पंधरा वर्षांचे होते, त्याचे वजन आईएवढे होते, आणि तरीही त्याच्या अंगावर पाणी ओतणारा हात दुसऱ्याचाच राहतो. पुष्कळ मुलांच्या बाबतीत ही कामे त्यांच्या आवाक्याबाहेरची मुळीच नसतात. ती लहान तुकडे करून, सावकाश आणि रोज एकाच रीतीने शिकवायला कोणाला सवड मिळालेली नसते.

ज्यांच्या मुलाचे निदान नुकतेच झाले आहे असे पालक आणि विशेष शाळेत किंवा समावेशक वर्गात नुकतेच रुजू झालेले शिक्षक यांच्यासाठी हा लेख आहे. यातील बराचसा भाग बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांविषयी आहे. सेरेब्रल पाल्सी (मेंदूतील इजेमुळे हालचालींवर येणाऱ्या मर्यादा), स्वमग्नता (ऑटिझम) किंवा अपस्मार (फिट येणे) असल्यास जिथे पद्धत बदलते तिथे तसे सांगितले आहे. सगळ्या पायऱ्यांमागे विचार एकच आहे : कोणतीही मदत देताना ती पुढे कशी कमी करत न्यायची हे आधीच ठरलेले असले पाहिजे.

पहिली पायरी : मूल आज काय करते ते पाहावे

शिकवायला लागण्यापूर्वी काही दिवस केवळ पाहण्यासाठी राखून ठेवावेत. जेवताना, कपडे बदलताना, हात धुताना मुलाला नेहमीपेक्षा थोडा जास्त वेळ द्यावा, आपण होऊन हात पुढे करू नये आणि ते कुठपर्यंत जाते ते वहीत लिहून ठेवावे. प्रत्येक कामापुढे पाचपैकी एक शेरा लिहावा : स्वतः करते, खूण केल्यावर करते, सांगितल्यावर करते, हात धरल्यावर करते, अजून करत नाही. ‘मदत लागते’ असा मोघम शेरा उपयोगाचा नाही, कारण खूण आणि हात धरणे या दोन मदतींमध्ये कित्येक महिन्यांच्या शिकवण्याचे अंतर असू शकते.

मूल काय करू शकते आणि रोज प्रत्यक्षात काय करते या दोन गोष्टीही वेगळ्या लिहाव्यात. शाळेत स्वतःच्या हाताने जेवणारे मूल घरी भरवून घेते, हे अगदी नेहमी आढळते. अशा मुलाला जेवायला नव्याने शिकवायचे नसते. घरच्यांनी भरवणे थांबवायचे असते.

विशेष शाळांमध्ये हेच निरीक्षण पद्धतशीर तक्त्यांच्या आधारे केले जाते. मद्रास डेव्हलपमेंटल प्रोग्रॅमिंग सिस्टिम, म्हणजे एमडीपीएस, या तक्त्यात १८ विभागांत प्रत्येकी २० अशी ३६० वर्तने क्रमाने मांडलेली आहेत आणि जेवण, कपडे, शौच, स्वच्छता यांचे विभाग त्यात स्वतंत्र आहेत. सिकंदराबाद येथे १९८४ साली स्थापन झालेल्या आणि आता राष्ट्रीय बौद्धिक दिव्यांगजन सशक्तीकरण संस्था म्हणून ओळखल्या जाणाऱ्या संस्थेने तयार केलेली फंक्शनल असेसमेंट चेकलिस्ट फॉर प्रोग्रॅमिंग, म्हणजे एफएसीपी, ही सूचीही अनेक शाळा वापरतात. नव्या शिक्षकांनी हे तक्ते पालकांना प्रश्न विचारून भरू नयेत, प्रत्यक्ष पाहून भरावेत. पालकांनी ते शाळेकडून मागून पाहावेत. मानसशास्त्रज्ञांच्या अहवालात ‘सामाजिक वय पाच वर्षे’, म्हणजे रोजच्या व्यवहारात मूल साधारण पाच वर्षांच्या मुलाएवढे आहे, असा एखादा आकडा असतो. प्रमाणपत्रासाठी तो लागतो, परंतु उद्या सकाळी काय शिकवायचे ते त्या आकड्यातून कळत नाही. वहीतून कळते.

हातापायांची हालचाल, गिळणे किंवा स्नायूंचा ताण याबद्दल शंका असल्यास ऑक्युपेशनल थेरपिस्टला, म्हणजे रोजची कामे करता यावीत यासाठी उपचार देणाऱ्या तज्ज्ञाला, दाखवावे. खासगी उपचार परवडत नसल्यास जिल्हा रुग्णालयाशी जोडलेल्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात चौकशी करावी. फेब्रुवारी २०१३ मध्ये पालघर येथून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली ही केंद्रे उभी राहिली आणि तेथे अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांना पाहिले जाते.

दुसरी पायरी : शिकवायचे काम निवडावे

एका वेळी एक, फार तर दोन कामे घ्यावीत. उत्साहाच्या भरात जेवण, अंघोळ, कपडे आणि दात हे सगळे एकदम सुरू केले, तर दोन आठवड्यांत घरातील सगळेच थकतात आणि जुनी पद्धत परत येते. ज्या कामातील एखाददुसरी पायरी मुलाला आधीच जमते, जे काम दिवसातून अनेकदा येते आणि ज्यामुळे घरच्यांचा भार खरोखर हलका होतो, ते काम आधी निवडावे. हात धुणे, इलॅस्टिकची चड्डी घालणे आणि चमच्याने खाणे ही तीन कामे म्हणूनच सुरुवातीला योग्य ठरतात. बुटाची नाडी बांधणे शिकवण्यात वर्ष घालवू नये. वेल्क्रोचे बूट आणावेत आणि तोच वेळ संडासच्या सवयीला द्यावा.

ध्येय लिहिताना ते पाहता येईल असे लिहावे. ‘स्वच्छतेत प्रगती करेल’ यातून काहीच ठरत नाही. ‘जेवणाआधी, कोणी न सांगता, नळाखाली दोन्ही हात साबणाने धुऊन पुसेल’ असे लिहिले, की शिकवणाऱ्यालाही काय करायचे आणि कुठे थांबायचे ते कळते. मूल शाळेत असल्यास हे ध्येय त्याच्या वैयक्तिक शैक्षणिक आराखड्यात घालण्याचा आग्रह पालकांनी धरावा. अक्षरे आणि अंक यांच्याइतकेच हे शिक्षण आहे.

तिसरी पायरी : कामाचे तुकडे करावेत

आपण ज्याला एक काम समजतो ते दहा-बारा हालचालींचे बनलेले असते. ते काम स्वतः एकदा सावकाश करावे आणि प्रत्येक हालचाल लिहावी. विशेष शिक्षणात याला कार्य विश्लेषण म्हणतात. इलॅस्टिकची चड्डी घालण्याचे उदाहरण घेऊ. चड्डीची पुढची बाजू ओळखणे, ती दोन्ही हातांनी कमरेच्या पट्टीला धरणे, स्टुलावर किंवा पलंगाच्या काठावर बसणे, एक पाय आत घालून पाऊल बाहेर काढणे, दुसरा पाय तसाच घालणे, चड्डी गुडघ्यांपर्यंत ओढणे, उभे राहणे, मांड्यांवरून वर घेणे, मागच्या बाजूने कुल्ल्यांवरून ओढणे आणि शेवटी कमरेवर नीट बसवणे अशा दहा पायऱ्या होतात. यांपैकी मागची बाजू वर ओढणे बहुतेक मुलांना सर्वांत जड जाते, कारण तो भाग दिसत नाही आणि हात पाठीमागे न्यावे लागतात. तिथे आणखी दोन तुकडे करावेत : अंगठे पट्टीच्या आत घालणे आणि मग ओढणे.

किती तुकडे करायचे हे मुलावर ठरते. ज्या ठिकाणी ते अडखळते तिथे तुकडा बारीक करावा, जिथे सहज जाते तिथे दोन पायऱ्या जोडाव्यात. पुढची बाजू ओळखण्यासाठी पट्टीच्या आतल्या बाजूला मागे रंगीत दोऱ्याचे चार टाके घालावेत. ‘टाके पाठीकडे’ एवढे मुलाला पुरते.

चौथी पायरी : शेवटच्या तुकड्यापासून शिकवावे

नव्याने सुरुवात करणारे बहुतेक जण पहिल्या पायरीपासून शिकवू लागतात आणि मूल तिसऱ्या पायरीवर कंटाळते. चड्डीसारख्या कामात उलट्या क्रमाने जाणे अधिक सोपे पडते. पहिल्या आठवड्यात नऊ पायऱ्या तुम्ही मुलाबरोबर पूर्ण कराव्यात, चड्डी कमरेखाली चार बोटांवर आणून ठेवावी आणि शेवटची ओढ तेवढी मुलाला घेऊ द्यावी. ती त्याने घेतली की काम पूर्ण होते आणि ते त्याच्या हातून पूर्ण झालेले असते. ही ओढ बिनचूक जमू लागली की चड्डी कुल्ल्यांच्या खाली ठेवावी, मग मांड्यांवर, मग गुडघ्यांवर. नवे शिकणे नेहमी आधीच जमलेल्या भागाला येऊन मिळते, त्यामुळे मूल प्रत्येक वेळी यशावर थांबते. विशेष शिक्षक याला पश्चगामी साखळी म्हणतात.

टी-शर्ट घालणे, चेन लावणे, अंथरुणाची घडी घालणे, ताटातील शेवटचे घास खाणे यांना ही पद्धत लागू पडते. हात धुण्यासारख्या लहान कामात मात्र सगळ्या पायऱ्या दर वेळी क्रमाने करून घ्याव्यात आणि जिथे अडेल तिथेच मदत करावी.

पाचवी पायरी : मदत कशी द्यावी आणि कशी काढावी

सर्वांत जास्त चुका या पायरीवर होतात, म्हणून येथे थोडे सविस्तर लिहिले आहे.

हात धरून शिकवताना मुलाच्या समोर उभे राहू नये, मागे उभे राहावे. समोर उभे राहिल्यास तुमचा हात उलट्या दिशेने चालतो आणि मूल काम पाहण्याऐवजी तुमच्या चेहऱ्याकडे पाहते. मागून दोन्ही हात त्याच्या हातांवर ठेवले की त्याला हालचाल जशीच्या तशी जाणवते. ती त्याच्या अंगवळणी पडू लागली की तुमचा हात त्याच्या पंजावरून मनगटावर न्यावा, काही दिवसांनी कोपरावर, नंतर केवळ खांद्यावर, आणि मग एक पाऊल मागे सरकावे. हात हलका होत गेला हे मुलाला कळणारही नाही इतक्या सावकाश हे व्हावे. मुलाने हात झटकून टाकला, तर जबरदस्ती करू नये. ती मदत त्याला नको आहे किंवा गरजेपेक्षा जास्त होते आहे.

बोलून केलेली मदत काढणे सगळ्यांत अवघड असते. ‘आता साबण घे, चोळ, अजून चोळ, मागे पण चोळ, आता नळ सोड’ अशी सूचनांची माळ चालू राहिली की ती सूचनाच कामाचा भाग बनते आणि मूल पुढची सूचना येईपर्यंत थांबून राहते. अशी मुले विशीत आली तरी स्नानगृहाच्या दाराबाहेर आई उभी राहून बोलत असते. म्हणून सूचना एकदाच द्यावी, लहान द्यावी आणि मग गप्प राहावे. मनात सावकाश दहापर्यंत मोजावे. बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलाला ऐकलेले समजून हालचाल सुरू करायला खरोखरच इतका वेळ लागू शकतो, आणि आपण तिसऱ्या सेकंदाला पुन्हा बोलतो. दहा झाले आणि मूल हलले नाही, तर तीच सूचना मोठ्याने सांगण्यापेक्षा साबणाकडे बोट दाखवावे किंवा कोपराला हलका स्पर्श करावा. बोट आणि स्पर्श पुढे काढून टाकता येतात. आवाजाची सवय सुटायला फार दिवस जातात.

बोलण्याऐवजी चित्रपट्टी वापरणे उत्तम. मोबाइलवर मुलाचेच काम करतानाचे फोटो काढावेत, क्रमाने छापून त्यावर प्लास्टिक चढवावे आणि नळाजवळ मुलाच्या डोळ्यांच्या उंचीवर चिकटवावेत. स्वमग्न मुलांना बोललेल्या शब्दांपेक्षा हा आधार अधिक स्थिर वाटतो, कारण चित्र तिथेच राहते.

घरातील सर्वांनी एकच रीत पाळावी. आईने ‘वर ओढ’ म्हणायचे, बाबांनी ‘घाल पटकन’ आणि आजीने काही न बोलता चड्डी चढवून द्यायची, असे झाले तर मुलाला तीन वेगवेगळी कामे शिकावी लागतात. आजी-आजोबांशी याविषयी आदराने आणि आधीच बोलावे. त्यांना थांबवण्यापेक्षा त्यांना एक पायरी सोपवणे चांगले : ‘आजी, शेवटची ओढ त्याला घेऊ द्या आणि त्याने घेतली की तुम्ही शाबासकी द्या’ असे सांगितल्यावर बहुतेक आज्या हे काम सर्वांत चोख पार पाडतात.

शिकवण्याची वेळ खऱ्या कामाचीच असावी, परंतु सकाळच्या घाईत शिकवू नये. सकाळी नेहमीप्रमाणे मदत करावी आणि संध्याकाळी खेळून आल्यावर हातपाय धुण्याची, कपडे बदलण्याची वेळ शिकण्यासाठी राखावी. सुटीच्या दिवशी सकाळही वापरावी. कौतुक लगेच आणि नेमके करावे. ‘छान’ म्हणण्यापेक्षा ‘चड्डी तू वर ओढलीस’ असे म्हटल्यावर मुलाला कशाचे कौतुक झाले ते कळते. प्रत्येक वेळी चॉकलेट देण्याची गरज नसते. ज्या मुलांना कौतुकाचे मोल अजून कळत नाही त्यांच्यासाठी ते सुरुवातीला वापरावे आणि शब्दांसोबत हळूहळू कमी करावे.

जेवण

मुलाचे पाय टेकलेले, पाठ सरळ आणि ताट छातीच्या खाली असे बसवावे. पाय लोंबकळत असतील तर खाली पाट ठेवावा. काठ असलेले जड ताट किंवा खोलगट बशी घ्यावी आणि ती सरकू नये म्हणून खाली ओले फडके पसरावे. सुरुवात चमच्याला चिकटून राहणाऱ्या पदार्थांनी करावी : दहीभात, मऊ खिचडी, शिरा. पातळ वरण आणि सुटा भात नंतर. चमच्याची दांडी मुठीत मावत नसेल तर तिच्यावर कापडाची पट्टी गुंडाळून ती जाड करावी. हाताने जेवणे आपल्याकडे स्वाभाविक आहे आणि अनेक मुलांना ते चमच्याआधी जमते. भात कालवण्यातून बोटांना व्यायामही होतो, म्हणून सांडण्याच्या भीतीने ते टाळू नये. पोळीचा तुकडा मोडणे कठीण असते. आधी अर्धवट मोडून ठेवलेला तुकडा ओढायला द्यावा.

सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलाला जेवताना वारंवार ठसका लागत असेल, घास गिळल्यावर आवाज ओलसर येत असेल किंवा सारखा छातीचा संसर्ग होत असेल, तर स्वतः जेवायला शिकवण्याआधी गिळण्याची तपासणी करून घ्यावी. अशा मुलाला आडवे झोपवून किंवा मान मागे टाकून कधीही भरवू नये.

लघवी आणि शौच

यासाठी मूल किमान तास-दीड तास कोरडे राहू शकते का ते आधी पाहावे. आठवडाभर दर अर्ध्या तासाने चड्डी ओली की कोरडी याची नोंद ठेवावी, सोबत पाणी आणि जेवणाच्या वेळा लिहाव्यात. बहुतेक मुलांच्या वेळांत एक नियमितता दिसून येते. ती दिसली की त्या वेळेच्या पाच-दहा मिनिटे आधी मुलाला संडासात न्यावे आणि पाच मिनिटांपेक्षा जास्त बसवू नये. काहीच झाले नाही तर न रागावता बाहेर आणावे. झाले, तर लगेच कौतुक करावे. जाण्यापूर्वी रोज एकच शब्द किंवा एकच खूण वापरावी, कारण पुढे ते मूल तीच खूण करून तुम्हाला सांगणार असते. शाळेतही तीच खूण चालू राहील असे शिक्षकांना कळवावे.

अमेरिकेतील नेथन अझ्रिन आणि रिचर्ड फॉक्स यांनी १९७१ साली मोठ्या वयाच्या बौद्धिक अक्षम व्यक्तींसाठी जलद प्रशिक्षणाची पद्धत प्रसिद्ध केली. भरपूर पेय देणे, ठरावीक वेळाने बसवणे आणि कोरडे राहिल्याबद्दल शाबासकी देणे हा तिचा भाग आजही उपयुक्त आहे. ओले केल्यावर कपडे आणि फरशी मुलाकडून पुन:पुन्हा साफ करून घेण्याचा जो भाग तिच्यात होता, तो मात्र घरी किंवा शाळेत वापरू नये. अपघात झाला तर शांतपणे कपडे बदलावेत आणि शक्य तेवढा बदल मुलाकडून करून घ्यावा.

भारतीय पद्धतीच्या संडासात तोल सांभाळणे कठीण जाते. समोरच्या भिंतीवर मुलाच्या छातीच्या उंचीला आडवा दांडा बसवावा आणि पायऱ्यांवर पावलांच्या रंगीत खुणा काढाव्यात. कमोड असल्यास पायांखाली पाट ठेवावा. धुण्याचे शिक्षण वेगळे द्यावे लागते : प्रथम कोरड्या अंगाने, कपडे घातलेले असतानाच, टमरेल उजव्या हातात धरून मागून किंवा पुढून हात कसा न्यायचा याचा सराव करावा. मुलींना पुढून मागे धुण्याची सवय पहिल्यापासून लावावी, त्याने मूत्रमार्गाचा संसर्ग टळण्यास मदत होते. ज्यांच्या एका हातात जोर नाही त्यांना नळाला जोडलेला जेट बसवून द्यावा. धरायचा आणि धुवायचा हात एकच असला तरी मग काम भागते. बद्धकोष्ठता असलेले मूल संडासला घाबरते, म्हणून सवय लावण्याआधी त्यावर उपचार करावेत.

अंघोळ

बादलीत आधी थंड पाणी, मग गरम, हा क्रम पहिल्या दिवसापासून पाळावा आणि पाण्यात कोपर बुडवून पाहायला मुलाला शिकवावे. सुरुवातीला गरम नळ मोठ्यांनीच सोडावा. मूल प्लास्टिकच्या बुटक्या स्टुलावर बसून अंघोळ करेल असे पाहावे, त्याने तोल जात नाही आणि पाय नीट धुता येतात. साबण हातातून निसटतो, तो जुन्या पायमोज्यात घालून वर गाठ मारावी. अनेक मुले अंगावर पाणी ओतण्यालाच अंघोळ समजतात. त्यांच्यासाठी शरीराच्या भागांचा एक कायमचा क्रम ठरवावा, वरून खाली : मान, दोन्ही हात, काखा, छाती-पोट, मांड्यांचा मधला भाग, पाय. पाठ सर्वांत शेवटी ठेवावी आणि ती लांब दांडीच्या ब्रशने शिकवावी.

अपस्मार असलेल्या मुलाने आतून कडी लावू नये. दाराला बाहेरून ‘आत आहे’ अशी पाटी लटकवावी, म्हणजे त्याचा खासगीपणाही राहतो आणि गरज पडल्यास आत जाता येते. फिट आल्यावर तोंड भरलेल्या बादलीत गेल्यास मूल बुडू शकते. त्यामुळे बादली लहान आणि अर्धी भरलेली असावी.

मूल आठ-दहा वर्षांचे झाले की अंघोळीच्या वेळी दार लोटायला सुरुवात करावी, त्याच्यासमोर इतरांनी कपडे बदलू नयेत आणि आत जाण्यापूर्वी टकटक करावी. ज्या मुलाच्या अंगाला कोणीही, केव्हाही, न विचारता हात लावत आले आहे, त्याला चुकीचा स्पर्श ओळखणे आणि नाही म्हणणे फार कठीण जाते. शरीराच्या सर्व भागांची नावे शिकवावीत आणि मदतीला येणारा माणूस कोण हे ठरलेले असावे. स्वतःचे अंग स्वतः धुता येणे ही या मुलांची मोठी सुरक्षितता आहे.

कपडे आणि दात

एका बाजूला कमजोरी किंवा ताठरपणा असेल तर कपडा घालताना आधी अडलेला हात बाहीत घालावा आणि काढताना तो शेवटी काढावा. एवढ्या एका बदलाने कित्येक मुलांचे शर्ट स्वतःच्या हाताने चढू लागतात. नाडीऐवजी इलॅस्टिक, लहान बटणांऐवजी मोठी बटणे, आणि चेनच्या टोकाला एक कडी अशी सोय करावी. बटण आधी टेबलावर ठेवलेल्या शर्टावर आणि मग अंगातल्या शर्टावर शिकवावे. स्वमग्न मूल एखादा कपडा सतत काढून टाकत असेल तर कॉलरमागचे लेबल आणि शिवण तपासावी; त्याला ती खरोखरच टोचत असते.

दात घासताना ब्रश लहान डोक्याचा आणि पेस्ट वाटाण्याएवढीच घ्यावी. मूल स्वतः घासू लागले तरी रात्री एकदा मोठ्यांनी हात फिरवावा. फिटसाठी फेनिटॉईन हे औषध चालू असलेल्या मुलांच्या हिरड्या वाढू शकतात, त्यांना दंतवैद्याला नियमित दाखवावे.

मासिक पाळी

१९९४ साली पुणे जिल्ह्यातील शिरूर येथील शासकीय वसतिगृहात राहणाऱ्या, तेव्हाच्या भाषेत मतिमंद म्हटल्या जाणाऱ्या मुलींची गर्भाशये शस्त्रक्रियेने काढण्यात आली आणि त्यांना पाळीची स्वच्छता ठेवता येत नाही असे कारण देण्यात आले. महाराष्ट्रात त्यावर मोठे वादंग झाले. हा विषय शिकवण्याचा आहे, शस्त्रक्रियेचा नाही, हे मला येथे ठामपणे सांगावेसे वाटते. सौम्य आणि मध्यम अक्षमता असलेल्या बहुसंख्य मुली पॅड बदलणे शिकतात, आणि ज्यांना पूर्णपणे जमत नाही त्याही एक-दोन पायऱ्या स्वतः करतात.

शिकवणे पाळी सुरू होण्यापूर्वी, छातीची वाढ दिसू लागताच सुरू करावे. चड्डीच्या आत पॅडच्या आकाराची रेघ पक्क्या शाईने काढावी आणि तिच्यावर पॅड चिकटवायला लावावे. मग पॅड लावून थोडा वेळ वावरण्याची सवय करावी, म्हणजे तो काढून फेकण्याची ओढ निघून जाते. पॅडवर लाल रंगाच्या पाण्याचे थेंब टाकून ‘डाग दिसला की बदलायचे’ हे दाखवावे. आईने किंवा मोठ्या बहिणीने आपला वापरलेला पॅड दाखवण्यात संकोच करू नये. डाग ओळखता येत नसेल, तर वेळ बांधून द्यावी : उठल्यावर, शाळेत मधल्या सुटीत, संध्याकाळी आणि झोपताना. काढलेला पॅड कागदात गुंडाळून ठरलेल्या डब्यात टाकणे आणि हात धुणे या पायऱ्या त्याच साखळीत घ्याव्यात. भिंतीवरच्या कालनिर्णयवर तिच्याच हाताने लाल खूण करून घ्यावी. हे सर्व संडासात, दार लावून शिकवावे, आणि त्याविषयी आई, बहीण आणि बाई यांच्याशीच बोलायचे हेही सांगावे. पाळीच्या दिवसांत मुलगी चिडचिड करत असेल, पोट धरत असेल किंवा स्वतःला मारून घेत असेल, तर तिला दुखत आहे असे समजून डॉक्टरांना विचारावे. पुष्कळ मुलींना ते शब्दांत सांगता येत नाही.

नोंद ठेवणे आणि मागे पडल्यास काय करावे

रोज एक ओळ पुरते : तारीख, कोणती पायरी, कोणती मदत. दोन आठवडे एकाच पायरीवर प्रगती नसेल तर मुलाला दोष न देता तुकडा आणखी बारीक करावा किंवा मदतीचा प्रकार बदलावा. घरी जमलेले काम मामाच्या घरी, शाळेत आणि प्रवासात करून पाहावे. अनेक मुलांना नळाचा प्रकार बदलला तरी काम नवे वाटते, म्हणून जमले असे वहीत लिहिण्याआधी ते निदान दोन वेगळ्या ठिकाणी आणि दोन वेगळ्या माणसांसमोर झालेले असावे.

मे महिन्याच्या सुटीनंतर, आजारपणानंतर किंवा औषध बदलल्यावर जमलेले काम मागे पडू शकते. अशा वेळी पहिल्यापासून सुरुवात करू नये. वहीत शेवटची यशस्वी नोंद शोधावी आणि तिच्या एक पायरी मागून, थोड्या जास्त मदतीने पुन्हा सुरू करावे. बहुधा काही दिवसांत मूल पूर्वीच्या जागी येते. पूर्वी चांगले जमणारे काम कारण नसताना हळूहळू बंद होत असेल तर मात्र डॉक्टरांची भेट लांबवू नये.

शाळा किंवा शिक्षक बदलल्यास वहीची प्रत नव्या शिक्षकांच्या हाती द्यावी. तिच्या पहिल्या पानावर मुलाला समजणारे शब्द आणि खुणा, फिट येत असल्यास औषधांच्या वेळा, चालू असलेले काम, त्यातली नेमकी पायरी आणि तिथे लागणारी मदत एवढे लिहिलेले असावे. नाहीतर नवे शिक्षक सुरक्षित म्हणून पूर्ण मदत देऊ लागतात, आणि कोपरापर्यंत आलेला हात पुन्हा पंजावर जातो.